माळ्याला लाल चिठ्ठी

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पसारा आवरायला शिकवू नये. ते काम जपानने केव्हाच केलं आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत शिरलं की भिंतीवरचे पाच जपानी शब्द सामोरे येतात: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते बाजूला काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडापुसा, या तिन्हींची रीत बांधा आणि ती अंगवळणी पाडा. शॉपफ्लोअरवर याला फाइव्ह एस म्हणतात. तिथे चालायच्या वाटा पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या असतात, कचऱ्याच्या डब्यालाही स्वतःचा चौकोन असतो, आणि हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना उचलला की मागे त्याची सावली उरते. शिफ्ट संपताना एकही सावली एकटी राहू नये, एवढंच सुपरवायझरचं मागणं. एखाद्या विरहिणीनेसुद्धा इतक्या काटेकोरपणे वाट पाहिली नसेल. आणि हाच सुपरवायझर कंपनीच्या बसमधून उतरून घरी येतो, तेव्हा नेलकटर कुठे आहे हे त्याला तीन माणसांना विचारावं लागतं.

घराचा खरा जीव माळ्यावर असतो. तिथे तांब्याचा बंब असतो. गीझर आला तसा तो निवृत्त झाला, पण त्याचा निरोपसमारंभ राहून गेला. पाळणा असतो, आणि त्यात झोपलेली मुलं आता हिंजवडीत नोकरी करतात. थर्माकोलसकट टीव्हीचा खोका असतो, टीव्ही मात्र नसतो. कंपनीने दिवाळीला दिलेला डिनर सेट असतो, ज्याच्या तोलाचे पाहुणे अजून जन्माला यायचे आहेत. आणि नावं घातलेली भांडी असतात. कारखान्यात वस्तूला पार्ट नंबर असतो. घरात तिच्या काठावर नाव, तारीख आणि ‘यांजकडून’ कोरलेलं असतं. नंबर रद्द करता येतो. पण मामींनी लग्नात दिलेलं पातेलं, मामी गेल्यावर, कुठल्या तोंडाने मोडीत घालायचं?

माझे एक काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी घरात रेड टॅग मोहीम काढली. कारखान्यात तिची रीत सरळ असते. नको वाटणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, ती ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची, आणि मुदतीत कुणी मागायला आलं नाही तर भंगारात काढायची. घरात अडचण अशी झाली, की प्रत्येक चिठ्ठीला वारस निघाला. कान तुटलेल्या कपाला काकू, आत्याच्या जुन्या दप्तराला ते कधीही न पाहिलेली नात, आणि पहिल्या महिन्यापासूनच्या पगाराच्या स्लिपांना खुद्द काका. चिठ्ठीवर ‘शेवटचा वापर कधी?’ असा एक रकाना होता. काकूंनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, “वापरायचं कशाला? असलं की झालं.” या उत्तरासाठी त्या चिठ्ठीवर रकाना नव्हता. जपानच्याच मारी कोंडोबाईंना ते कदाचित उमजलं असतं. वस्तू हातात घेऊन मन फुलतं का ते पाहा, आणि नाहीच फुललं तर तिचे आभार मानून निरोप द्या, असं त्या सांगतात. पण बंब हातात घेऊन मन फुलवायचं, तर आधी तो माळ्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात.

टाकून देण्याचा धडा खरं तर या पट्ट्याला जपानच्या कितीतरी आधी मिळाला होता. देहू इथून हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या घरी सावकारी होती. 1630च्या सुमाराच्या दुष्काळानंतर, परंपरा सांगते, त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. पुढे त्याच नदीत त्यांना आपल्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, आणि त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. खतं मात्र वर आली नाहीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा इतका स्वच्छ निवाडा कुठल्याही ऑडिटमध्ये झाला नसेल. त्यातही वाटणी आधी झाली, हे विसरू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाचं ते त्याला न विचारता नदीवर घेऊन गेले नाहीत.

या पट्ट्यातल्या माणसाला त्याची अडगळ सहजासहजी मिळालेली नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, स्कूटरचे आणि ट्रकचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागोमाग सातारा-सांगलीपासून मराठवाडा-खानदेशापर्यंतची माणसं एकेक ट्रंक घेऊन उतरली. कॉट बेसिसवर राहिली. खोलीत दाटीने खाटा, दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा आडवा, आणि ट्रंक खाटेखाली. त्या खोलीत पसारा होणं शक्यच नव्हतं. मग 1972 साली नवनगर वसवायला प्राधिकरण स्थापन झालं. कुणाला तिथे प्लॉट मिळाला, कुणी चाळीत दोन खोल्या घेतल्या. पंखा आला, कपाट आलं, आणि एक दिवस कपाटात न मावणारी पहिली वस्तू माळ्यावर गेली. त्या दिवशी तो माणूस इथला झाला. रहिवासी दाखला त्याला आधी माळ्याने दिला, सरकारने नंतर.

आज चाकणच्या आसपास, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीकडच्या भाड्याच्या खोल्यांत डोकावलं तर फाइव्ह एसचा आदर्श नमुना दिसतो. खुंटीवर युनिफॉर्म, दाराशी सेफ्टी शूज, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी आणि पाठीवरची एक बॅग. कंत्राटी काम काही महिन्यांचं, म्हणून संसारही तेवढ्याच मुदतीचा. कुठलाही ऑडिटर या खोलीला पैकीच्या पैकी गुण देईल. मला मात्र त्या टापटिपीचं कौतुक करवत नाही. पसारा करायला मुक्काम लागतो. उद्याही आपण इथेच असू, अशी खात्री असलेला माणूसच मोडका स्टूल ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवून देतो.

तेव्हा यंदा दसरा काढाल, गोधड्या धुवाल, तेव्हा माळाही जरूर उतरवा. नाव घातलेलं पातेलं राहू द्या, पगाराच्या स्लिपा राहू द्या, आणि दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय लाल चिठ्ठी लावू नका. पण जादाची बादली, चालू असलेला टेबलफॅन, घडी न मोडलेलं ब्लँकेट आणि तो डिनर सेट किलोच्या भावाने भंगारात घालू नका. एका बॅगेवर राहणारी पोरं मागच्या गल्लीतच असतात. त्यांना आधी विचारा. थोडी अडगळ त्यांच्याही खोलीत व्हायला हवी.