आयफेल राहू द्या, गटार बघा

युरोपची सहल करून आलेल्यांचे फोटो बघायला बसलं की सगळे एकाच माणसाने काढल्यासारखे वाटतात. आयफेल टॉवर चिमटीत धरलेला, पिसाचा मनोरा तळहाताने तोललेला, युंगफ्राउच्या बर्फात दोन्ही हात पसरलेले. दहा-बारा दिवसांत सात-आठ देश करायचे म्हटल्यावर दुसरं काही होणारही नाही. पण एवढे पैसे आणि वर्षाची रजा खर्चून गेलेल्या माणसाच्या हाती पोस्टकार्डाची नक्कल लागावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयफेलचा फोटो तुमच्याशिवायही निघणार आहे. जो निघणार नाही, तो काढा.

उदाहरणार्थ, पॅरिसमध्ये सकाळी लवकर बाहेर पडा आणि फुटपाथच्या कडेला बघा. रस्त्यालगतच्या गटारातून स्वच्छ पाणी वाहताना दिसतं आणि एखाद्या कोपऱ्यावर त्या पाण्यात जुन्या गालिच्याचा गुंडाळून सुतळीने बांधलेला तुकडा आडवा पडलेला असतो. नवखा माणूस कचरा समजून तो ओलांडून जातो. पण ते सफाई कामगाराचं अवजार आहे. हिरव्या गणवेशातला कामगार चावीने फुटपाथच्या कडेचा नळ उघडतो, पाणी जिकडे जायला नको तिकडे ती गुंडाळी टेकवतो आणि हिरव्या प्लॅस्टिकच्या काड्यांचा लांब झाडू घेऊन पानं, कागद, सिगारेटची थोटकं त्या धारेबरोबर ढकलत नेतो. हे पिण्याचं पाणी नाही. रस्ते आणि बागांसाठी पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकापासून पाण्याचं वेगळं जाळं आहे आणि त्यात कालव्याचं आणि सेन नदीचं पाणी खेळवलेलं असतं. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचं शेवटचं टोक म्हणजे तो भिजलेला गालिचा. त्याचा फोटो उभ्याने काढला तर फक्त घाण दिसते. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणा. गुंडाळीला वळसा घालणारं पाणी, त्यावर पडलेलं सकाळचं ऊन आणि मागे अर्धवट दिसणारा झाडू. पॅरिस त्यात पुरेपूर उतरतं.

मला म्हणायचं आहे ते इतकंच. परक्या शहरात जे विचित्र, गमतीदार दिसतं ते बहुतेक वेळा कुणीतरी रोजच्या अडचणीवर काढलेला तोडगा असतो. ती अडचण कोणती, हे आधी विचारा आणि मग बटण दाबा. फोटो चांगलाच येतो.

फ्लॉरेन्सचंच घ्या. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत, मुख्य दरवाजाशेजारी, साधारण कमरेच्या उंचीवर छोट्या कमानीची एक खिडकी असते. उंची वीतभर-दीड वीत, जेमतेम एक बाटली बाहेर येईल एवढी. लोक तिला देवघराचा कोनाडा समजतात, टपालपेटी समजतात आणि पुढे जातात. शेजारीच मिकेलँजेलोचा डेव्हिड उभा असताना भिंतीतल्या भोकाकडे कोण बघणार? ती वाईनची खिडकी आहे. वाडे ज्या बड्या घराण्यांचे, द्राक्षमळेही त्यांचेच. दलाल मध्ये न घेता आपल्या मळ्यातली वाईन घरातूनच रस्त्यावरच्या माणसाला विकायची, त्यासाठी ही सोय. पुढे १६३० च्या सुमारास प्लेग आला तेव्हा तिचा दुसरा उपयोग झाला. गिऱ्हाईक बाहेर, विकणारा आत, आणि पैसे हातात न घेता धातूच्या पळीत घेऊन व्हिनेगरने धुवायचे. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा यातल्या काही खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यांतून वाईन, कॉफी, आइस्क्रीम बाहेर येऊ लागलं. जवळपास चारशे वर्षांनी! फोटो काढताना नुसती कमान काढू नका. कमानीखालचा झिजलेला उंबरा काढा आणि तिच्याजवळून जाणारं कुणीतरी चौकटीत येईपर्यंत थांबा. खिडकी किती लहान आहे ते माणूस शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात रस्तोरस्ती ब्राँझचे बुटके उभे आहेत, जेमतेम फूटभर उंचीचे. पर्यटक मुलांना घेऊन ते शोधत फिरतात आणि मुलांसाठी तो खेळ आहेच. पण पहिला बुटका मुलांसाठी नव्हता. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या जात आणि सरकारी माणसं येऊन त्यांवर रंग फासून जात. त्या ताज्या रंगाच्या डागांवर वाल्देमार फिद्रिख आणि त्याच्या साथीदारांनी बुटके रंगवायला सुरुवात केली. पुसलेली प्रत्येक घोषणा त्यामुळे पुन्हा दिसू लागली. पुढे त्यातून ‘ऑरेंज अल्टरनेटिव्ह’ नावाची चळवळ उभी राहिली आणि १ जून १९८८ रोजी नारिंगी टोप्या घातलेले हजारो लोक व्रोत्सवाफच्या रस्त्यावर उतरले. टोपी घातली म्हणून माणसाला पकडायचं तरी कसं, हा प्रश्न पोलिसांपुढे उभा करणं हाच त्या चळवळीचा डाव होता. त्याची आठवण म्हणून २००१ मध्ये श्विदनित्स्का रस्त्यावर पहिला पुतळा बसवला गेला. आज बुटके कित्येक शेकड्यांनी आहेत. त्यातले बरेच दुकानांनी आणि कंपन्यांनी आपल्या दारात बसवलेले आहेत आणि माझ्या मते त्यांच्यावर मेमरी कार्ड भरण्यात अर्थ नाही. श्विदनित्स्का रस्त्यावरच दोन बुटके एकच गोल धोंडा समोरासमोरून ढकलत उभे आहेत. तिथे जमिनीवर बसा आणि मागून जाणाऱ्यांचे बूट चौकटीत येऊ द्या.

बर्लिनमध्ये पादचाऱ्यांच्या सिग्नलवर दिसणारा टोपीवाला माणूसही असाच पुसला जाता जाता वाचलेला. १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाउ यांनी तो आखला. जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेचे दिवे बसवायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून तो टिकवला आणि आता तो पश्चिम बर्लिनमध्येही दिसतो. (दादरच्या सिग्नलवर २०२० मध्ये फ्रॉकमधली बाई आली. तिचा फोटो किती दादरकरांकडे आहे?) रोममधल्या लोखंडी पाणपोया १८७४ पासून अखंड वाहताहेत. तोटी बोटाने दाबून धरली की तिच्या वरच्या छिद्रातून छोटं कारंजं उडतं आणि त्यावर तोंड लावून पाणी पिणारी शाळकरी पोरं हा रोमचा उत्तम फोटो आहे. कोलोझियमपेक्षाही उत्तम, असं मी बेधडक म्हणेन.

मात्र जमिनीवर चमकणारी प्रत्येक वस्तू गंमत म्हणून टिपायची नसते. जर्मनीत आणि आता युरोपभर फुटपाथच्या दगडांत दहा सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा चढवलेले चौकोनी ठोकळे बसवलेले दिसतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं आणि २०२३ मध्ये एक लाखावा ठोकळा बसवला. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. नाझींनी घरातून उचलून नेलेल्या माणसाचा ठोकळा त्याच्या घरासमोरच बसवतात. पितळ काळवंडतं तेव्हा आसपासचे रहिवासी गुडघे टेकून ते घासून लख्ख करतात. त्यावर पाय ठेवून बुटांसकट फोटो काढणारे लोक आहेत आणि तो फोटो मला सहन होत नाही. वाका, नाव वाचा आणि काढायचाच असेल तर त्या नावाचा काढा.

दुसरी गोष्ट त्याहून रोजची. लिस्बनच्या अल्फामा भागात खिडक्याखिडक्यांतून कपडे वाळत असतात. दिसतात छान. पण ते कुणाचे तरी अंगावरचे कपडे आहेत आणि खिडकीत उभी असलेली आजी तुमच्या सहलीच्या खर्चात येत नाही. आपल्या दोरीवरच्या कपड्यांचे फोटो परक्याने काढले असते तर आपल्या चाळीत काय झालं असतं, ते आठवा. पॅरिसमधली र्यू क्रेमिओ ही रंगीत घरांची छोटी गल्ली फोटोवाल्यांच्या गर्दीने इतकी गांजली की २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्लीला फाटक लावू द्या, अशी मागणी पालिकेकडे केली. लोकांच्या दाराच्या पायऱ्यांवर नाच, कवायती, कपडे बदलणं चालायचं. जर्मनीत तर ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो छापायचा असेल तर सर्वसाधारणपणे त्याची संमती घ्यावी लागते. कायदा नसेल तिथेही कॅमेरा दाखवून, मान हलवून विचारता येतं. भाषा लागत नाही. नकार आला तर हसून पुढे चला.

हे सगळं कशाला, असं कुणी विचारलं तर मी ओजेन आत्जेचं नाव सांगेन. आधी नट असलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीसेक वर्षं जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा उचलून पहाटे पॅरिसमध्ये फिरत राहिला. दुकानांच्या पाट्या, जिन्यांचे कठडे, दारांवरच्या कड्या, भंगार वेचणारे लोक. चित्रकारांना संदर्भासाठी फोटो विकणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. १९२० मध्ये त्याने अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह सरकारला विकल्या. १९२७ मध्ये तो गेल्यावर उरलेला साठा बेरेनीस अॅबट या अमेरिकन फोटोग्राफरबाईंनी वाचवला आणि १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोचला. त्याने टिपलेल्या कित्येक गल्ल्या आज अस्तित्वात नाहीत. तरी त्या कुठल्या होत्या ते कळतं, कारण प्रिंटच्या मागे तो पेन्सिलीने जागेचं नाव लिहून ठेवायचा.

तुमच्या फोनमध्ये पेन्सिलीचीही गरज नाही. पुढच्या सहलीत रोज एक तरी फोटो असा काढा की जो टूर मॅनेजरने दाखवला नव्हता आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याखाली गल्लीचं नाव, तारीख आणि ती वस्तू तिथे का आहे, हे एका ओळीत लिहा.