तोंडावर कोण सांगणार?

स्कूटरचा साइड स्टँड खाली राहिला तर अर्धा रस्ता 'ओ काका, स्टँड!' म्हणून ओरडतो. पण तोंडाला वास येतो, हे सख्खा भाऊसुद्धा सांगत नाही. तो फक्त वेलदोडा पुढे करतो.

आमच्या ऑफिसात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना जो तो बडीशेप द्यायचा. निरोप समारंभात त्यांनी त्या बडीशेपेचे जाहीर आभार मानले, तेही माइकच्या अगदी जवळ जाऊन. आम्ही खुर्च्या मागे घेतल्या. माइकला ती सोय नव्हती.

बरं, स्वतःचं नाक या बाबतीत फितूर. रोजच्या वासाला सरावलं की ते दखलच घेत नाही. म्हणून मनगट चाटायचं, वाळू द्यायचं आणि हुंगायचं, अशी एक चाचणी आहे. मला ती करताना आईने पाहिलं आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

तोंडावर न सांगण्याची ही भीड फक्त आपलीच नव्हे. लिस्टरीन हे चूळ भरायचं औषध १८७९ साली अमेरिकेत जन्मलं ते जंतुनाशक म्हणून, शस्त्रक्रियेच्या कामाचं. जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनचं नाव त्याला मिळालं. पण ते घरोघरी पोचलं १९२० च्या दशकात. जाहिरातवाल्यांनी तोंडाच्या वासासाठी 'हॅलिटोसिस' हा भारदस्त शब्द उचलला आणि एका मुलीची कहाणी छापली: मैत्रिणींची लग्नं होताहेत, हिचं काही जमत नाही आणि कारण तिला कुणी सांगत नाही. आपल्याकडे अशा वेळी निदान पत्रिकेवर तरी ढकलता येतं.

खरा गुन्हेगार बहुतेकदा जिभेच्या मागच्या टोकाला दडलेला असतो. तिथले जंतू अन्नकणांतली प्रथिनं फोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यातलाच एक सडक्या अंड्यांचा. रात्री लाळ आटते, जंतूंना रान मोकळं मिळतं. सकाळी आपण पेस्ट लावतो. तिच्यातलं मेंथॉल गारव्याचा भास करून देतं आणि आपण तेवढ्यावर खूश होतो. चूळ भरायच्या औषधांत जस्ताचे क्षार असतील तर ते गंधकाला धरून ठेवतात, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक काम. क्लोरहेक्सिडिन जंतूंना चांगलंच झोडपतं, पण फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. म्हणजे माणसं जवळ येतात तेव्हा नेमकं हसायचं नाही.

लसणापुढे मात्र सगळ्या बाटल्या हात टेकतात. त्याचा वास रक्तात उतरतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. ठेचा खाल्ल्यावर चुळा भरणं म्हणजे माजघर पेटलेलं असताना अंगणात सडा घालणं.

आमचे आजोबा यातलं काही न वाचता रोज पहाटे तांब्याच्या पट्टीने जीभ खरवडत. त्या वेळचं त्यांचं खाकरणं ऐकून वाड्यातल्या बायका दूध तापायला ठेवत. उपाय स्वस्त होता, फक्त शेजाऱ्यांना सोसावा लागे.

परवा बायकोने माउथवॉश आणला. मी नुसतं पाहिलं, तर म्हणाली, "एकावर एक फ्री होता." पहिली बाटली कुणासाठी, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. दुसरी सोसायटीच्या चेअरमनना द्यावी, यावर आमचं एका क्षणात एकमत झालं. दिवाळीच्या फराळाच्या पिशवीत, चिवड्याच्या डब्याखाली ठेवून. पिशवी घेऊन कुणी जायचं, यावर अजून बोलणी चालू आहेत.