विद्यार्थी सोडून बाकी सगळे ऐतिहासिक

परिषद भरवायची तर इमारत ऐतिहासिकच लागते. शोधनिबंध काय, कुठेही वाचता येतो. पण बॅनरमागे जुनी कमान नसली तर फोटोत विद्वत्ता उतरत नाही.

त्या हिशेबात हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ अव्वल. स्थापना 1918 ची, आर्ट्स कॉलेजची ग्रॅनाइटची इमारत 1939 ची. प्रशस्त, देखणी, दबदबा असलेली.

अडचण एकच. आत विद्यार्थी राहतात.

जानेवारी 2018 मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे 105 वे अधिवेशन इथे ठरले होते. उद्घाटनाला पंतप्रधान येणार. पण नोकरभरती रखडलेली, पोरे भडकलेली, त्यात डिसेंबरात वसतिगृहात एका विद्यार्थ्याची आत्महत्या. कॅम्पसमधली परिस्थिती पाहता जमणार नाही, असे विद्यापीठाने कळवले. अधिवेशन मार्चमध्ये इम्फाळला हलवले, मणिपूर विद्यापीठात.

मेअखेर तिथली मुले कुलगुरूंविरुद्ध उठली आणि विद्यापीठ अडीच महिने ठप्प. आता बोला!

आमच्या गुडीहत्नूरला ही गंमत जरा जास्तच कळते. 44 नंबरच्या हायवेवर एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, मध्ये आम्ही. 1938 मध्ये निजामी राजवटीने ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून शेकडो पोरांना कॉलेजांतून काढले. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांतले एक पी. व्ही. नरसिंह राव.

ऐंशी वर्षे मुरले की आंदोलनाला वारसा म्हणतात. ताजे असले की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न.

विज्ञान काँग्रेस पुढे नागपुरातही आली, जानेवारी 2023 मध्ये. तिथे विद्यापीठाची शताब्दी. पंतप्रधान पडद्यावरून बोलले. पुढच्या जानेवारीत मात्र अधिवेशन भरलेच नाही. आयोजक संस्था आणि केंद्राचे विज्ञान खाते पैशांवरून भांडत बसले.

यात विद्यार्थ्यांचा हात नव्हता बरं का.

टिकलेली परिषद पाहायची तर गुडीहत्नूरच्या फाट्यावरून इंद्रवेल्लीकडे वळा. पुढे केस्लापूर. नागोबाच्या जत्रेत तिथे दरबार भरतो. तो 1940 च्या दशकात सुरू झाला हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञामुळे. हे गृहस्थ उस्मानियातही प्राध्यापक होते. दरबारात मंत्री, कलेक्टर बसतात आणि गोंड माणूस उभा राहून जमिनीचे, रस्त्याचे, पाण्याचे गाऱ्हाणे मांडतो. सगळे सुटते असे मुळीच नाही. पण वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द, असे जाहीर करून जेवणाच्या कुपनाकडे पळता येत नाही.

प्राध्यापकाने परिषद माणसांत नेली, ती टिकली. बाकीच्या अजून माणसे टाळून सभागृह शोधताहेत.

जत्रा पौष अमावास्येला सुरू होते. परिषदवाल्यांनो, एकदा या. नोंदणी शुल्क नाही.