मोहा पडून गेला, फाईल कोरीच

नेपरविल, शिकागोजवळ
12 ऑक्टोबर

ती. आई आणि बाबा,

बाबा, तुम्ही धानोऱ्याच्या बाजारातून आणलेली निळी फाईल अजून कोरी आहे, असं आईने परवा फोनवर सांगितलं. सांगितलं म्हणजे, मी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये मी मोठ्या तोंडाने म्हणालो होतो की, दर रविवारी धानोऱ्याच्या आठवणींचं एक पान लिहून पोस्टाने पाठवीन. नातीला पुढे वाचायला होईल. हे मी तुम्हाला सांगितलं तेवढं ठीक, पण गणपतीत इथल्या मंडळातही सांगून बसलो. शिकागोचं मंडळ 1969 पासूनचं आहे. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यासारखे आरंभशूर पुष्कळ पाहिले असणार. सगळे मान हलवून हसले आणि प्रसादाच्या रांगेकडे वळले.

आता सात महिन्यांचा हिशेब देतो. पहिला महिना टेबल घेण्यात गेला. दुसऱ्यात लक्षात आलं की टेबलाला साजेशी खुर्ची नाही. तिसऱ्यात मराठी टायपिंग शिकलो, आणि चौथ्यात ठरवलं की आठवणी हातानेच लिहायला हव्यात. मग शाईचं पेन आलं. पाचव्यात ते गळलं. सहाव्या-सातव्यात रविवारचाच घोळ ध्यानात आला. इथे सकाळी साडेअकराला निवांत बसावं, तर तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले. तुम्ही दोघं झोपलेले. झोपलेल्या माणसांना पत्र कसं लिहायचं? हे कारण तुमच्या सुनेला सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती चष्मा पुसत राहिली.

बाबा, तुम्ही मला सायकलवर डबलसीट मेंढा गावाला न्यायचे, आठवतं? तीन किलोमीटर, पण मला तो परदेश वाटायचा. तिथल्या ग्रामसभेत हात वर करून बहुमत मोजत नाहीत. एकाचं जरी पटलं नाही तरी बोलणं पुढे चालू, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत. तशी ग्रामसभा माझ्या टेबलावर रोज भरते. एक म्हणतो लिहू. दुसरा म्हणतो आधी चहा. तिसरा म्हणतो आधी टेबल आवर. चौथा इतका वेळ गप्प असतो आणि शेवटी हळूच म्हणतो, पुढच्या रविवारी. यावर मात्र तत्काळ सर्वसहमती.

मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी आपलाच बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 चा एप्रिल उजाडला. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. माझं नेमकं उलटं आहे. परवाना खिशात, बांबूच तोडलेला नाही.

पण आई, एक कारण खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नकोस. कोणत्या मराठीत लिहायचं, इथेच माझं घोडं अडतं. ‘पाणी’ लिहिलं की त्यात तू दिसत नाहीस. ‘पानी’ लिहिलं की शाळेतले गुरुजी लाल पेन घेऊन उभे दिसतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आपल्या झाडीबोलीसाठी एवढी खटपट केली, तिच्यात लिहिणाऱ्यांना एकत्र आणलं, आणि मी इथे तेरा हजार किलोमीटरांवर एका ‘ण’ला घाबरून बसलोय. एकदा नेट लावून ‘पोट्टा’ लिहिलं. खोडून ‘मुलगा’ केलं. तो मुलगा मग पुढे काहीच करेना. मोहाच्या झाडावर चढेना, मार खाईना, चांगल्या घरच्यासारखा नुसता उभा.

मागच्या रविवारी तोच कागद समोर होता आणि तुझा फोन आला. मी सहज म्हणालो, मोहफुलांवर लिहायचंय, जमत नाहीये. तू म्हणालीस, “त्यात जमाचं काय हाये? पहाटे उठवत होतो तं तू म्हनस, उद्या जाऊ.” मग आठवलं. अंधारात टोपली घेऊन तू पुढे निघालेली, मी गोधडीत. आणि दारातून तुझं ते ठरलेलं वाक्य, “उद्याचा मोहा उद्या पडते, आजचा गाईढोरं खाऊन जाते.” फोनवर मी बोलत गेलो. मी थांबलो की तू म्हणायचीस, “मंग?” झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर नसेल तर राजासुद्धा खांबासारखा उभा राहतो. रात्रभर नाटकं पाहिली, पण त्या प्रॉम्प्टरची किंमत मला आता कळली. फोन चाळीस मिनिटं चालला. ठेवल्यावर तेवढंच उतरवून काढलं. दीड पान झालं. ‘पानी’च लिहिलंय. गुरुजींना काय वाटायचं ते वाटो.

ते दीड पान सोबत जोडलंय. बाबा, फाईलला लावा. भोकं नीट पाडा, नाहीतर डावीकडची अक्षरं जातील.

दुसरं पान सुरू केलं होतं, पण एका जागी अडलंय. आपण मोहा वेचायला जायचो, तिथे वाटेत वाकडं झाड होतं, ज्याखाली तू डबा सोडायचीस. ते चारोळीचं होतं की तेंदूचं? हे कळल्याशिवाय पुढे लिहिणं बरं नव्हे. उत्तर पोस्टानेच पाठवा. घाई मुळीच नाही. दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील.

तुमचा,
पोट्टा

ता. क. आई, मी तुमची सून. झाडाचं उत्तर पोस्टाने पाठवू नका. हे पत्र लिफाफ्यात घालायच्या आधी मी त्याचा फोटो तुमच्या फोनवर पाठवतेय. रविवारी साडेअकराला यांना खुर्चीत बसवून मीच फोन लावते. तुमच्याकडे दहा वाजलेले असतील, पण त्या दिवशी जरा जाग्या राहा.