थोरली पाती, धाकटी पाती आणि बॅटरी

पवारांच्या देवासात एकाच गावातून दोन राज्यं चालत : थोरली पाती आणि धाकटी पाती. दरबार दोन, कारभारी दोन, राजधानीचं गाव मात्र एकच. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. एकाच जागी अनेक दरबार भरवायची खोड तेवढी फोनमध्ये उरली.

धारहून देवासच्या माता टेकडीच्या दर्शनाला आलेले काका निम्म्या वाटेवर आणि बॅटरी ११ टक्क्यांवर. फोन खिशात निपचित. आत मात्र हवामान, खरेदी, झटपट कर्ज, साऱ्यांचा दरबार भरलेला. काका हुशार. दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप्स अंगठ्याने सटासट वर उडवतात. मग तीच पुन्हा उघडताना फोनला सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं, बॅटरी उलट जास्त जाते.

खरा बंदोबस्त सेटिंग्जमध्ये : अँड्रॉइडवर अ‍ॅपची माहिती उघडायची, बॅटरीत जायचं, पार्श्वभूमीतला वापर बंद करायचा. व्हॉट्सअ‍ॅपला हे लावलंत तर लोकांचं ‘गुड मॉर्निंग’ तुम्हाला दुपारच्या जेवणाला पोचेल. काहींना ती सोयच वाटेल म्हणा.

निदान टॉर्चच्या अ‍ॅपला तरी आजच लावा. उजेड पाडण्याखेरीज त्याला दिवसभर काय काम असतं?