शेवट कुठे करायचा

वाराणसीसमोर, गंगेपलीकडच्या रामनगरात काशीनरेशांच्या आश्रयाने महिनाभर रामलीला चालते. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात कधी लंका, कधी अयोध्या अशी प्रेक्षकांचीच पायपीट. सीतेचं कामही मुलगाच करतो. मला कौतुक संहितेचं. तुलसीदासांनी सोयच अशी केलीय की रावणाने पळवली ती सीतेची छाया, खरी सीता अग्नीपाशी सुखरूप. म्हणजे अग्निपरीक्षेत जळते तीही छायाच. पुढे राज्याभिषेक, रामराज्य, आरती, संपलं. गरोदर बायकोला रानात सोडण्याचा प्रसंगच नाही! नवऱ्याच्या अंगाला काही लागू नये म्हणून संसाराची गोष्ट कुठे आवरती घ्यावी, हे रामनगरकडून शिकावं. आमच्या आज्यांनी मात्र जात्यावर नेमका तो गाळलेला वनवासच गायला.

आता अशाच एका गाळलेल्या गोष्टीसाठी आपल्या गायकवाडांकडे येऊ. शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. बंगळुरूच्या मराठी घरातला हा माणूस दर 12 डिसेंबरला, वाढदिवशी, व्हॉट्सॲपवर ‘आपला’ होतो. त्या मजकुरात बसची कंडक्टरकी असते, सिगारेटची करामत असते. 1977 चा ‘अवर्गळ’ नसतो.

के. बालचंदर यांच्या या तमिळ चित्रपटात रजनीकांत नवरा आहे, आणि बायकोच्या लग्नाआधीच्या प्रेमावरून तिला सोलून काढणं हा त्याचा उद्योग. सुजाताने केलेली अनू घटस्फोट घेते, पदरात मूल घेऊन नोकरी धरते. तेव्हा नवऱ्याच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम नव्हतं, ते 1983 सालचं. घरगुती हिंसाचाराचा कायदा तर 2005 चा. तिची घडी जरा बसते न बसते तोच नवरोजी सुधारल्याचं सोंग घेऊन हजर. (हात उगारणारा निदान ओळखू तरी येतो. माफी मागायला आलेल्याला चहा करावा लागतो.) अखेर अनू सगळ्या पुरुषांना मागे टाकून निघते. सोबत कोण? सासू. पोटच्या पोराला सोडून सुनेबरोबर निघालेली सासू!

1979 मध्ये तेलुगूत हीच गोष्ट ‘इदि कथा कादु’ नावाने आली. छळणारा नवरा होता चिरंजीवी. दोघेही पुढे देव झाले. 1992 च्या ‘मन्नन’मध्ये रजनीकांत कामगार आणि विजयाशांती कारखान्याची मालकीण, लग्न होतं, आणि शेवटी मालकीणबाई खुर्ची सोडून घर सांभाळायला लागतात. खलनायक होता तोवर बायकोला नमवणं हा छळ होता, नायक झाल्यावर त्यालाच वळण लावणं म्हणतात.

आपणही काही कमी नाही. 1991 च्या ‘माहेरची साडी’ने महाराष्ट्र रडवला. अलका कुबल सोसत राहिली, शेवटी मेली, आणि बायका डोळे पुसत थिएटरबाहेर पडून घरी स्वयंपाकाला लागल्या. सोसून मेलेली सून आम्हाला चालते, तिला हारही घालतो. सासूला घेऊन चालती झालेली सून दाखवली की लगेच विचारतो, असं कुठे असतं का?

येत्या 12 डिसेंबरला ‘आपला माणूस’ पुढे ढकलण्याआधी घरात ‘अवर्गळ’ लावा. सासूबाईंना शेजारी बसवा, आणि चहा मुलाला करायला सांगा.