जल्लादमामा

भाच्यानं माझ्या मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ टाकून दिला, तेव्हा पात्र निवडायचं कामही त्यानंच परस्पर उरकलं. पडद्यावर एक धिप्पाड गडी उभा, तोंडावर कवटीचा मुखवटा आणि डोक्यावर नाव ‘जल्लादमामा’. मी जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसून ‘साहेब, एवढी एकच सही राहिलीय’ असं अजिजीनं म्हणत आलोय. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तर मीच त्याची माफी मागतो.

तोच मी हल्ली रात्री जेवण झाल्यावर ओरडत असतो, “अरे कव्हर दे ना, बघत काय बसलास! छपरावर आहे तो, छपरावर!” पहिल्यांदा ओरडलो तेव्हा ही हातात उलथनं घेऊन बाहेर आली. घरात कोणी परका माणूस शिरलाय असं तिला वाटलं. तसं तिचं फार चुकलं नव्हतं.

खेळ सुरू होण्याआधी कंपनी बजावते, की हे जग आभासी आहे, खऱ्या जगाशी याचा संबंध नाही. रक्तसुद्धा बापडं हिरवं दाखवतात. या सूचनेचा माझ्यावर काडीचाही परिणाम होत नाही. मुखवट्याचा मात्र होतो.

आणि तो एकट्या माझ्यावर होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली या प्रकाराला ‘प्रोटियस इफेक्ट’ असं नाव दिलं. प्रोटियस म्हणजे हवं तेव्हा रूप पालटणारा ग्रीकांचा समुद्रदेव. यांनी माणसांना आभासी जगात सोडलं, कुणाला उंच देह दिला, कुणाला बुटका, आणि शंभर डॉलर दोघांत वाटून घ्यायला सांगितलं. उंच देहवाले आपल्या हिश्शासाठी हटून बसले. बुटक्यांपुढे ७५-२५ अशी धडधडीत अन्यायाची वाटणी आली, तरी त्यांतले बरेचसे मान डोलावून मोकळे झाले. गंमत म्हणजे ते शंभर डॉलर लटकेच होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात; अमेरिकेत तेही आणलं. बीजीएमआयवाले मात्र जुन्या म्हणीला धरून आहेत. तिथं भारी पोशाख हवा असेल तर रोख रुपये मोजून यूसी, म्हणजे खेळातलं चलन, घ्यावं लागतं. आमच्या लहानपणी बहुरूपी हवालदार होऊन दारात यायचा, दम भरायचा आणि जाताना पसाभर धान्य घेऊन जायचा. आम्ही उलट पदरचे पैसे घालून सोंग घेतो.

पण खरा नमुना म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यातला बल्ब बदलायचा तर हे तीन कोटेशनं मागवतात. मेन्टेनन्सला एक दिवस उशीर झाला की नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबर, खाली लाल रेघ. खेळात हे गृहस्थ पांढराशुभ्र पोशाख घालून ‘वैद्यबुवा’ नावानं वावरतात. परवा पोचिंकी या खेळातल्या गावात मी नॉक झालो, म्हणजे गोळी लागून आडवा पडलो. चारी बाजूंनी गोळ्या चाललेल्या, आणि माइकवर सेक्रेटरींचा आवाज: “मामा, हलू नका, मी आलो!” आले, धुराचा गोळा फेकला, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. माणूस उठवायला दहाएक सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात उठवणाराच टिपला जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी बसले. वर स्वतःकडचं एकुलतं एक मेडकिट माझ्यापुढे टाकलं. कोटेशन नाही, पावती नाही. माझे डोळे पाणावले. सकाळी लिफ्टपाशी भेटले, तर घड्याळाकडे बघत म्हणाले, “बी-सात, पंधरा तारीख उलटली.”

भाच्यानं एकदा खोडी म्हणून माझ्या जल्लादाची पिवळ्या फ्रॉकातली मुलगी करून टाकली. काय सांगू! अनोळखी पोरं पायाशी लेव्हल तीनचं हेल्मेट आणून ठेवायला लागली. मीही मग पुढं घुसायचं सोडून झाडामागे उभा राहून “कुणी स्कोप देता का?” असं टाइप करू लागलो. शेवटी चुकून माइक सुरू राहिला आणि मी घसा खाकरला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकानं हेल्मेट परत मागितलं.

सोंग माणसाला कुठवर नेतं, याचा मोठा दाखला २००५ च्या सप्टेंबरातला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात हक्कार नावाच्या राक्षसाचा एक संसर्गजन्य शाप होता. तो त्याच्या अड्ड्यापुरताच राहायचा. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला आणि नवखे खेळाडू पटापट मरू लागले. तेव्हा ज्यांनी उपचार करणारी पात्रं घेतली होती, त्यांतले कित्येक आपण होऊन शहरात थांबले आणि लोकांना बरं करत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, गुण मिळणार नव्हते. काही महाभाग मुद्दाम गर्दीत शिरून रोग वाटत होते, तेही खरं. शेवटी कंपनीला सर्व्हर रीसेट करावे लागले. पुढं साथरोगाच्या अभ्यासकांनी या घटनेवर ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये लेख लिहिला. मला त्यात रस एवढाच, की हे सगळे वैद्यबुवा खऱ्या आयुष्यात कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सेक्रेटरी असणार.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडतोय: सेक्रेटरींनी सभेला पांढऱ्या पोशाखातच यावं. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय त्यानंतर घ्यावा. सूचक मी आहेच. अनुमोदक हवा आहे. इच्छुकांनी रात्री दहानंतर पोचिंकीत भेटावं.